डोळ्यांच्या परीक्षेतली कॉपी

त्या रविवारी जूचंद्रच्या देवळाच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर भरलं, आणि नथूने सकाळी साडेनऊलाच परीक्षेचा अभ्यास सुरू केला. डोळ्यांची परीक्षा असली तरी शेवटी परीक्षाच. पास किंवा नापास. याबद्दल एकसष्ट वर्षांच्या नथूच्या मनात काही शंका नव्हती.

शिबिराची मांडणीच कॉपीला सोयीची होती. भिंतीवर आतून उजेड असलेला अक्षरांचा फळा, समोर एक खुर्ची, आणि खुर्चीला खेटून बाकडं. पुढचे बारा नंबर त्या बाकड्यावर. खुर्चीवर बसलेला माणूस अक्षरं वाचणार, तीही मोठ्याने, कारण ज्याला कमी दिसतं तो का कोण जाणे जोरात बोलतो. दहा माणसं होईपर्यंत अख्ख्या बाकड्याला शेवटची ओळ पाठ झाली होती.

"ग, प, ल, र, ट, म," नथू पुटपुटला.

"आवो, र च्या आदी ट हाय," शेजारी बसलेल्या पुतळाबाईने नवऱ्याला कोपर मारलं. "ग, प, ल, ट, र, म. नीट बोला. सगल्यांसमोर नापास होशाल."

पास होणं नथूला फार गरजेचं होतं. त्याचं कारण म्हणजे रांगोळीतला शाळेच्या बाईंचा चेहरा.

जूचंद्रमध्ये दिवाळीला रांगोळीचं प्रदर्शन भरतं. रांगोळी म्हणजे दारातली ठिपक्यांची नव्हे. इथे जमिनीवर माणूस काढतात, आणि असा काढतात की बघणारा वाकून नमस्कार करावा की नुसतं बघावं या विचारात पडतो. मंडळाच्या मुख्य रांगोळीतला चेहरा गेली सव्वीस वर्षं नथू भरत होता. बाकीच्यांनी साडी भरावी, कोट भरावा, मागचं झाड भरावं. चेहरा नथूचा. खाडीकडची अर्धी शेती बिल्डरकडे गेली, उरलेल्या अर्ध्या जागेत मुलगा अल्पेश टेम्पो उभे करायला लागला, पण चेहरा नथूकडून कुणी घेतला नव्हता.

गेल्या वर्षी मात्र गडबड झाली. मंडळाचे दिवंगत अध्यक्ष काढायचे होते. नथूने ते हुबेहूब काढले, फक्त नाकापासून हनुवटीपर्यंत जांभळे काढले. त्याला ती तपकिरी सावली वाटली होती. मुंबईहून आलेले आर्ट कॉलेजचे कुणी सर त्या चेहऱ्यापुढे दहा मिनिटं उभे राहिले आणि "धाडसी!" म्हणून निघून गेले, त्यामुळे मंडळाला काही बोलता येईना. पण अध्यक्षांच्या बायकोने डोळ्याला पदर लावला.

"शेवटी शेवटी फार आजारी होते," ती म्हणाली, "पन एवढे जांभले कवाच झाले नव्हते."

नथूला तेव्हाच कळलं होतं की आपल्याला सगळे रंग आता चहात बुडवलेल्या पावासारखे दिसतात. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. त्याने एक पद्धत काढली. रंगांचे डबे उजव्या हाताला एकाच क्रमाने लावायचे: पहिला कातडीचा, दुसरा गुलाबी, तिसरा तपकिरी, चौथा बदामी, असं पुढे. डोळ्याने रंग शोधायची गरजच नाही, हात आपोआप जातो.

आणि यंदा मंडळाच्या सेक्रेटरीने नियम काढला. हे चंद्रहास सावंत, बँकेतून रिटायर झालेले, मूळचे कणकवलीकडचे. सहा वर्षांपूर्वी इथल्या नव्या टॉवरमध्ये राहायला आले आणि मंडळात सभेचा अहवाल लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून थेट सेक्रेटरी झाले. नियम असा: पंचावन्नच्या वरच्या कलाकाराने चेहरा भरण्याआधी दृष्टीचा दाखला जोडावा.

"मना दाखला?" नथू म्हणाला. "सव्वीस वर्सं चेहरा भरतंय मी."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, नथूदादा."

"सगल्यांना म्हंजी कोनाला? पंचावनच्या वर मी एकलाच हाय."

"म्हणून तर राबवायला सोपा आहे."

त्यात यंदाचा चेहरा वसुंधराबाईंचा. गावातल्या शाळेच्या जुन्या हेडमास्तरीण, वय अठ्ठ्याऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला अंगठे धरून उभं केलं. नथू दोन्हींत होता. आजवर त्याने काढलेली माणसं बहुतेक मेलेली होती, त्यांची तक्रार येत नसे. बाई जिवंत होत्या आणि प्रदर्शनाला स्वतः येणार होत्या.

तर नथूचा नंबर आला. खुर्चीसमोरचा शिबिराचा माणूस एका हाताने फॉर्म भरत होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. नथूने उजव्या डोळ्याने शेवटची ओळ खणखणीत म्हटली. माणसाने न बघता लिहिलं, सहा बाय सहा. मग डावा डोळा. नथूने उजव्यावर तळवा ठेवला, छाती भरून श्वास घेतला, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. हॉलमध्ये दिवसाचा उजेड होता, त्यामुळे पंखे थांबले एवढंच बाकड्याला जाणवलं. आतला दिवा विझून फळा मात्र काळाठिक्कर पडला.

"ग, प, ल, ट, र, म," नथूने वाचलं.

"सहा बाय सहा," माणूस म्हणाला.

बाकड्यावरून पुतळाबाई समाधानाने हसली.

पुढे पडद्याआड डॉक्टर संपदा बसल्या होत्या. माणिकपूरला त्यांचा दवाखाना होता. वय फार तर पस्तीस. त्यांनी नथूच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत गप्पा मारल्या.

"काका, मघाशी डाव्या डोळ्याने छान वाचलंत."

"नजर हाय आमची, बाई. गाव सगला जानतो."

"लाइट गेली होती."

नथूने सदऱ्याची बाही सारखी केली.

"फळा बंद होता. मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं."

"सवय हाय ना," नथू म्हणाला. कसली सवय हे त्याने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी बॅटरीवरचं हातातलं यंत्र काढलं आणि आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यात बराच वेळ डोकावून बघितलं. आत काय पाठ करायचं असतं हे बाकड्यावर कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे नथू नुसता बसून राहिला.

"शुगर किती असते तुमची?"

"मना शुगर नाय."

"कधी तपासली होती?"

"नाय ना शुगर, मग तपासायची कशाला?"

डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त काढलं. तीनशे अठ्ठावन्न. मग दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, तेही चढलेलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "तो थोडा थांबेल. पण मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, ते थांबणार नाहीत. शरीरातल्या रक्तवाहिन्या काही न कापता नुसत्या बघता येतात अशी ही एकच जागा, काका. इथे जे दिसतंय ते किडनीत पण चाललं असणार, पायात पण. दर वर्षी कुणी इथे नुसता डोकावला असता ना, तर चार-पाच वर्षांपूर्वीच कळलं असतं."

"म्हंजी माजे डोले खराब नाय?"

"डोळे तर खराब आहेतच. पण रोग अंगभर आहे, डोळ्यांनी फक्त चुगली केली. उद्या सोमवारी माणिकपूरला या. लेझर सुरू करू, शुगरचं औषधही. ही नजर एकदा गेली की चष्म्याने परत येत नाही."

"उद्या चेहरा हाय."

"काय आहे?"

नथूने पाच मिनिटं समजावून सांगितलं. प्रदर्शन, मंडळ, सव्वीस वर्षं, बाई. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, चेहरा पुढच्या वर्षी काढा." त्यावरून नथूला कळलं की हिला विषय समजलेला नाही.

फॉर्मचे दोन भाग होते. वर नजरेचा आकडा, खाली डॉक्टरांचा शेरा, मध्ये टिंबटिंबाची रेघ. हॉलबाहेर आल्यावर नथूने त्या रेघेवरून कागद सुबक फाडला. वरचा भाग चंद्रहासकडे गेला. त्यांनी तो पंच करून फाइलला लावला आणि खूश झाले. खालचा भाग सदऱ्याच्या खिशात गेला, खिशासकट धुवायच्या कपड्यांत गेला, आणि संध्याकाळी पुतळाबाईच्या हाती लागला. तिने तो सुनेला वाचायला दिला.

सून म्हणजे खुशी. लग्न होऊन जूचंद्रला आली तेव्हा तिला रांगोळी येत नव्हती. आठ वर्षं ती सासऱ्याच्या बाजूला बसून साड्या भरत होती. जरीचा काठ तिच्यासारखा कुणी भरत नाही असं लोक म्हणत, आणि नथू ते ऐकत नसे.

रात्रीच्या जेवणाआधी नथूला चहा मिळाला.

"साकर नाय यात."

"नाय," पुतळाबाई म्हणाली.

"इसरलीस?"

"इसरले नाय. कागद वाचला."

नथूने कप खाली ठेवला. खुशी दारात उभी होती. "बाबा, त्यात 'तातडीने' लिहिलंय. खाली दोन रेघा मारल्यात. उद्या सकाळी जाऊन येऊ या ना, अल्पेश सोडतील."

"परदर्शन झालं का जाऊ. चार दिवसांनी डोले कुटं पलून चाललेत?"

"तेच लिहिलंय. चाललेत म्हणून."

"तुना नाय कलायचं, पोरी," नथू म्हणाला. "चेहरा एकदा दुसऱ्याच्या हातात दिला, का गेला. परत कोन देतो?"

दुसरा हात कुणाचा असेल हे दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता नथू प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हजर झाला. खडूची आखणी त्याने आधीच करून ठेवली होती. ती उत्तम होती. रेषा त्याच्या बोटांत होत्या, त्यांना डोळ्यांची फारशी गरज नव्हती. तो बसला आणि उजवा हात पहिल्या डब्यात घातला.

आता रविवारी दुपारी काय झालं होतं, तर चंद्रहास सावंत हा प्रदर्शनाचा हॉल बघायला आले होते. डब्यांना काही क्रमच नाही हे बघून त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी सगळे डबे इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावले. पहिला फिका जांभळा, मग निळा, आकाशी, पोपटी, पिवळा, असे. शिवाय प्रत्येकावर टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली. कातडीचा रंग इंद्रधनुष्यात बसत नसल्यामुळे तो 'इतर' या चिठ्ठीखाली भिंतीकडे गेला.

नथू साडेचार तास सलग भरत होता. कपाळ, भुवया, नाकाचा बाक, गालावरची सुरकुती. मध्ये मध्ये तो मान तिरकी करून बघे आणि त्याला सगळं चहा-पाव रंगाचं, म्हणजे बरोबर दिसे. लोक येत होते, बघत होते आणि काही न बोलता बाजूला होत होते. गेल्या वर्षी 'धाडसी' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. यंदाचं धाडस आपल्याला ओळखता आलं नाही असं व्हायला नको, म्हणून प्रत्येकजण मान डोलवत होता. साडेदहाला चंद्रहास आले, निळ्या गालाकडे बघत थबकले, फाइल उघडली, परत मिटली.

"सहा बाय सहा आहे," ते शेजारच्याला म्हणाले. "म्हणजे रंग बरोबरच असणार."

खुशी मुलाला जेवू घालून, घरचं आवरून साडेअकराला पुतळाबाईबरोबर आली. साडीचे डबे घेऊन बसणार तेवढ्यात तिची नजर वर गेली आणि हातातला डबा सांडता सांडता राहिला.

"बाबा... हनुवटीला कुठला रंग घेतला?"

"बदामी. का?"

खुशीने पोपटी हनुवटीकडे बघितलं. मग सासूकडे बघितलं. काय बोलावं हे ठरवायच्या आत बाहेर रिक्षा थांबली आणि काठी टेकत वसुंधराबाई आत आल्या. उद्घाटन गुरुवारी होतं, पण कामाची तपासणी अचानक करायची असते हा त्यांचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता होता.

हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. नथूही उठला, गुडघ्यांना रंग लागलेला तसाच.

बाई स्वतःच्या चेहऱ्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"नथू, मी कैरी आहे का रे?"

"नाय बाई."

"मग ही हनुवटी कुणाची?"

"सावली हाय ती, बाई."

"आणि गाल? गाल निळे का?"

"ती... ती पन सावली."

"निळी सावली कुणाची असेल तर असो, माझी नाही." बाईंनी वाकून एक डबा उचलला, चिठ्ठी तळव्याखाली झाकली आणि पुढे धरला. "हा कुठला रंग?"

नथूच्या पाठीमागून कुजबुज आली. "जांभळा... जांभळा..."

"जांभला, बाई."

दुसरा डबा. "पोपटी," तीन-चार जण एकदम पुटपुटले. त्यांत चंद्रहासही होते.

"पोपटी."

बाई गर्रकन वळल्या. "तोंडं बंद. परीक्षा त्याची आहे. जो बोलेल तो बाहेर उभा राहील." साठीची माणसं जमिनीकडे बघायला लागली.

तिसरा डबा. हॉलमध्ये चिडीचूप. नथूने डबा हातात घेतला, नाकाशी नेला, दाराच्या उजेडात नेला, परत आणला. त्याने खुशीकडे बघितलं. खुशीच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही त्याला दिसलं नाही.

"बदामी," तो म्हणाला.

आकाशी रंग होता. पुतळाबाई पुढे झाली आणि कमरेला खोचलेली कागदाची घडी काढून तिने बाईंच्या हातात दिली. "ह्यो त्यांचा खरा निकाल हाय, बाई."

बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि पूर्वी निकाल वाचत तसा तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मोतीबिंदू, पडद्यावर रक्तस्राव, शुगर तीनशे अठ्ठावन्न, तातडीने. चंद्रहासनी आपली फाइल पाठीमागे नेली.

"मी दर जूनमध्ये डोळे तपासून घेते," बाई म्हणाल्या. "दिसतंय तरी घेते. सत्तराव्या वर्षी डोळ्याच्या डॉक्टरने आत बघून सांगितलं की बाई, तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय. मला काही होत नव्हतं. गोळी सुरू झाली. नाहीतर आज माझी हिरवी हनुवटी बघायला मी नसते. तू शेवटचे कधी तपासलेस?"

"काल."

"त्याच्या आधी?"

नथूने आठवून बघितलं. "टेंपोच्या लायसनला. अल्पेशच्या जल्माच्या साली."

"चल. आत्ताच्या आत्ता माणिकपूरला जा. माझा चेहरा खुशी भरेल."

"बाई, सव्वीस वर्सं मी..."

"भरलेस. कुणी नाही म्हटलंय? पण मला माझा रंग पाहिजे. आणि तुला डोळे पाहिजेत. दोन्ही तुझ्या हट्टापायी कशाला घालवतोस?"

हॉलमधलं कुणी मध्ये पडलं नाही. भरलेली रांगोळी दुसऱ्याने पुसायची नसते, ज्याने भरली त्यानेच पुसायची, हे जूचंद्रमध्ये लहान पोरालाही माहीत असतं. नथू परत खाली बसला. मऊ फडक्याने त्याने आधी हनुवटी उचलली, मग गाल. साडेचार तासांचं काम दहा मिनिटांत फडक्यात आलं. खालच्या रेषा तेवढ्या राहिल्या.

"डाव्या भुवईखालची रेघ हाय ना," तो खुशीला म्हणाला, "ती मोडू नको. ती जमलीय मना."

"नाही मोडणार."

"आनि नाकाच्या बाजूला घाई करू नको. तू काठ भरतेस तशी भरायला जाशील."

"हो बाबा."

"हो काय? कर तसं." आणि तो अल्पेशच्या टेम्पोत पुतळाबाईच्या शेजारी जाऊन बसला.

त्या दिवशी दुपारी डॉक्टर संपदांनी आधी त्याला शुगरच्या डॉक्टरकडे पाठवलं. बुधवारी एका डोळ्याला लेझर झालं, गुरुवारी दुसऱ्याला. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, असलेलं राखू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदूचं शुगर उतरल्यावर बघू म्हणाल्या. पुतळाबाईने घरातला करंज्यांचा डबा शेजारी नेऊन दिला.

गुरुवारी संध्याकाळी नथू थेट दवाखान्यातून प्रदर्शनाला आला. डोळ्यांत थेंब, त्यावर काळा चष्मा. दारातच लोकांनी वाट करून दिली. बाई खुर्ची टाकून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी बसल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दोन्हींची तुलना करायला लावत होत्या. चंद्रहास अभिप्रायाची वही घेऊन पुढे आले.

"नथूदादा, पहिला अभिप्राय तुमचा. कसा झालाय चेहरा?"

सगळे थांबले. खुशी दोरीच्या पलीकडे उभी होती, नखांत अजून रंग होता. तीन रात्री ती दोन-दोन तासच झोपली होती.

नथू दोरीपाशी गेला आणि वाकला. समोर ओल्या धोतरामागे ट्यूबलाइट लावावी तसा नुसता पांढुरका उजेड होता. काय बोलायचं ते त्याच्या जिभेवर तयार होतं. मस्त झालाय, गालाला थोडी कसर आहे, पण पोरगी शिकतेय. सव्वीस वर्षांच्या माणसाने असंच बोलायचं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

"मना दिसत नाय," तो म्हणाला.

त्याने दोरी चाचपली आणि मान वर केली.

"काय पन दिसत नाय, खुशी. तू सांग, कसा भरलास?"

खुशी दोरी ओलांडून त्याच्याजवळ आली. कुणीतरी एक प्लास्टिकची खुर्ची सरकवली, त्यावर नथू बसला. ती कपाळापासून सांगायला लागली: कुठे कातडीचा घेतला, कुठे त्यात बदामी मिसळला, सुरकुत्यांना काय केलं. नथू चष्म्यामागे डोळे मिटून ऐकत होता.

"हनुवटीला?"

"बदामीत चिमूटभर तपकिरी."

"चिमूट कोनाची? तुजी का माजी?"

"माझी."

नथूने थोडा विचार केला. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "माजी जास्त झाली असती."

चंद्रहासनी वहीत लिहून घेतलं.